नानांचा काटा

डोंबिवलीच्या नानांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचं वजन केलं. एका कंपनीच्या गोदामात ते भांडारपाल होते. पोतं आलं, काट्यावर चढलं, आकडा वहीत गेला. पोतं स्वतः उचलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. उचलायला माथाडी कामगार होते. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर त्यांची मंडळं झाली, हमालीचे दर ठरले आणि नानांनी ते दर बिनतक्रार लावले. तिथे घासाघीस करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दरपत्रकाशी कोण भांडणार?

निवृत्त होताना दोन गोष्टी त्यांच्यासोबत घरी आल्या. एक, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत जमाखर्च लिहायची सवय; आणि दुसरा, हुक असलेला स्प्रिंगचा काटा. भाजीवाल्याने दिलेला किलोभर कांदा जिन्यात पुन्हा मोजला जाई. गॅसचा सिलिंडर दारात मोजला जाई. सोसायटीतली पोरं त्यांना मागून ‘काटानाना’ म्हणत, आणि ते नानांना ठाऊक होतं.

तर अशा नानांनी एकदा माथेरानला जायचं ठरवलं. नात चिमूने शाळेतून आल्यावर जाहीर केलं होतं की वर्गात माथेरान न बघितलेली ती एकटीच आहे. मुलाला रजा नव्हती. म्हणून नाना, माई, सून आणि चिमू अशी चौघं, आणि वाटेत नेरळला सुनेची आई, म्हणजे विहीणबाई. त्या नेरळजवळच्याच एका गावात राहत.

नानांनी आठ दिवस आधी वहीत एक पान आखलं आणि वर लिहिलं, ‘स्वस्त माथेरान’. पान खरोखर चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. शनिवार-रविवार टाळायचे, कारण त्या दोन दिवसांत खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात आणि मंगळवारी तीच खोली निम्म्यात मिळते. डोंबिवलीहून कर्जत किंवा खोपोली लोकल. नेरळपर्यंतचं साधं तिकीट वडापावाच्या किमतीच्या आसपास. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत शेअर टॅक्सी. तिथे नगरपरिषदेचा प्रवासी कर. पुढे मोटारींना बंदीच आहे, म्हणजे पुढचा खर्च शून्य. पॉइंट बघायला तिकीट नाही, जंगलात हिंडायला भाडं नाही. इतकं सोपं गणित दुसऱ्या कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी जमत नाही.

एवढ्यावर नाना थांबले असते, तर ही गोष्ट झाली नसती. पण वर सगळं महाग मिळतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि पानाच्या उजव्या बाजूला ‘बचत’ नावाचा रकाना उघडला. पाण्याच्या बाटलीमागे वर जास्तीचे पैसे, सबब दहा लिटर पाणी घरून. जेवण महाग, सबब दशम्या, थालीपीठं, बेसनाचे लाडू, तिखट शेव, लोणच्याची बरणी. जादा गादी-पांघरुणाचे पैसे घेतात, सबब दोन गोधड्या, एक ब्लँकेट आणि सतरंजी. चहा महाग, सबब थर्मास, साखर, पूड. प्रत्येक वस्तूपुढे वाचलेले रुपये लिहिले गेले. मग नानांनी चारही बॅगा काट्याला लावल्या. कपडे आठ किलो, अंथरूण नऊ, खाणं सात, पाणी दहा. एकूण चौतीस.

“हे न्यायचं कुणी?” माईंनी विचारलं.

“सगळा प्रवास गाडीचाच तर आहे,” नाना म्हणाले.

माईंचे गुडघे दुखतात. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

मंगळवारी सकाळची लोकल कर्जतच्या दिशेची असल्याने बसायला जागा मिळाली. कल्याण गेलं, अंबरनाथ-बदलापूर गेलं, वांगणीनंतर डावी-उजवीकडे डोंगर दिसू लागले. नेरळच्या फलाटावर विहीणबाई उभ्या होत्या. हातात एक कापडी पिशवी. तीत एक साडी, टॉवेल, फणी, शाल, स्टीलची बाटली आणि चिमूसाठी चिक्कू.

त्यांनी चारही बॅगांकडे पाहिलं. “व्याहीबुवा, मुक्कामाला निघालात की बिऱ्हाड हलवताय?”

नाना हसले आणि काट्याचा हुक पिशवीला अडकवून बघितला. दोन किलो, दोनशे ग्रॅम. “विहीणबाई, वर गेल्यावर सगळं विकत घ्यावं लागेल तुम्हाला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती.

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या मिनी ट्रेनच्या खिडकीवर त्या फेरीची तिकिटं संपली होती. डबे इवलेसे, जागा मोजक्या. चिमूचं तोंड एवढंसं झालं, म्हणून विहीणबाईंनी तिला रूळ दाखवायला नेलं. दोनच फूट रुंदीचा तो मार्ग पीरभॉय कुटुंबाने स्वतःचा पैसा ओतून डोंगरावर चढवला. १९०७ साली गाडी सुरू झाली. २००५ च्या पावसाने तो उखडला, मग पुन्हा बांधला. २०१९ मध्ये पुन्हा वाहून गेला, २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा धावू लागला. वीसएक किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ घेणाऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं नानांना वाटलं. मला विचाराल तर त्या गाडीत बसणाऱ्याला कुठे पोचायची घाई नसतेच.

टॅक्सीत नानांच्या पानावर पहिला ओरखडा उठला. चालकाने माणसं मोजली, मग बॅगा मोजल्या. “पाच सीट तुमच्या, सहावी सामानाची.” नाना वाद घालू लागले. चालक शांतपणे म्हणाला, “मग सामान उतरवा, सहावा माणूस घेतो.” सहाव्या सीटचे पैसे द्यावे लागले. घाट चढताना नाना वही काढून काहीतरी खोडत होते.

दस्तुरी नाका म्हणजे चाकांचं जग संपण्याची जागा. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला तेव्हापासून इथे माणूस पायी, घोड्यावर किंवा दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर येत राहिला आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि मोटारबंदीला आणखी बळ आलं. हल्ली थोड्या ई-रिक्षा आहेत, पण त्यांची रांग लांब आणि चौतीस किलो बघून चालकाने मान हलवली. माणसाने माणसाला ओढून नेणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, आणि ते बरंच झालं. डोक्यावरच्या ओझ्याचा निकाल मात्र कुठल्या न्यायालयात लागत नाही. तो नाक्यावर लागतो, दोन मिनिटांत.

नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनातून सुटणारी मिनी ट्रेनची शटल नुकतीच गेली होती. बाजारपेठ अडीच किलोमीटरवर. तेवढ्यात एक बाई पुढे आली. चाळिशीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर कापडाची चुंबळ.

“बाबा, सामान न्यायचं? चारी नग नेते.” तिने दर सांगितला.

नानांनी निम्मा सांगितला.

“चढ आहे बाबा. आणि जड दिसतंय.”

“जड कसलं, कपडे आहेत. अडीच किलोमीटरला एवढे होय? आम्ही काय आज पहिल्यांदा बघतोय?” पहिल्यांदाच बघत होते.

बाईने नाक्यावर नजर फिरवली. मंगळवार. चार घोडे माना खाली घालून उभे, टॅक्सीतून उतरणारं दुसरं गिऱ्हाईक नाही. “बरं. चला,” ती म्हणाली.

नानांनी उभ्या उभ्याच ‘बचत’ रकान्यात आकडा टाकला. त्याच रकान्यात वर खोलीचे निम्मे वाचलेले होते. दोन्हींचं कारण एकच होतं, गावात त्या दिवशी माणूस नव्हतं. पण वहीत कारणांचा रकाना नसतो.

शिवाय त्यांना आणखी एक युक्ती सुचली. तीनच नग दिले तर एकाचे पैसे आणखी वाचतात. पाण्याची बॅग त्यांनी स्वतः खांद्याला लावली. सून म्हणाली, “मी घेते हो नाना,” पण नानांनी ऐकलं नाही. उरलेली तीन ओझी, म्हणजे चोवीस किलो, बाईच्या डोक्यावर चढवायला दोघांचे हात लागले. मधे एक क्षण तिची मान थरथरली, मग सगळं स्थिर झालं आणि ती चालू लागली.

लाल मातीचा रस्ता, बाजूला रूळ, वर झाडांचं छत. विहीणबाई पिशवी हलवत चिमूला जांभूळ कुठलं, हिरडा कुठला दाखवत पुढे गेल्या. नानांना पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही. दहाव्या मिनिटाला पट्टा खांद्यात रुतला. त्यांनी खांदा बदलला. मग पुन्हा बदलला. दहा किलो हा आकडा त्यांनी जन्मभरात किती वेळा लिहिला असेल कोण जाणे. आज तो पहिल्यांदा कानशिलातून घाम होऊन वाहत होता. एका वळणावर कठडा दिसला आणि ते मटकन बसले.

“जरा थांबू या.”

सगळी थांबली. माई बसल्या, सून बसली. हमाल बाई तशीच उभी राहिली, एक हात ओझ्याला, एक हात कमरेवर.

“आजोबा, त्या मावशी का बसत नाहीत?” चिमूने विचारलं.

नाना म्हणाले, “अहो बाई, टेका थोडं.”

“टेकलं की परत चढवायला दोन माणसं लागतात,” ती म्हणाली. “तुम्ही बसा सावकाश.”

नाना बसून राहिले, पण विसावा काही मिळेना. ते दम खात होते तितका वेळ चोवीस किलो तिच्या मानेवर उभे होते. त्यांच्या प्रत्येक मिनिटाच्या विश्रांतीचं भाडं दुसरंच कुणी भरत होतं. गोदामात माथाडी पोतं थेट थप्पीवर टाकत, तेव्हा नाना वहीत मान घालून असत. वाहणाऱ्याचं तोंड ओझ्याखाली कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते अर्ध्या मिनिटात उठले आणि बाजारपेठ येईपर्यंत पुन्हा थांबू म्हणाले नाहीत.

लॉजवर बाईने ओझं उतरवलं, ठरलेले पैसे घेतले आणि पाठ वळवून निघूनही गेली. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा फिल्टर होता; हवं तेवढं पाणी फुकट. खोलीत चार गाद्या आणि चार जाड रग घडी घालून ठेवलेले. नानांनी दहा बाटल्या ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. लाडवांचा डबा माईंनी खिडकीत ठेवला होता. तो एका माकडाने झाकणासकट नेला. माथेरानच्या माकडांना डब्याचा आवाज कळतो, हे विहीणबाईंनी सांगितलं, पण डबा गेल्यावर.

दुपारी दशम्या इतक्या वाळल्या होत्या की चिमूने त्या मोडून दाखवल्या. विहीणबाई उठल्या आणि सगळ्यांना एका खाणावळीत घेऊन गेल्या. गरम पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. बिल आलं तेव्हा नाना सवयीने म्हणाले, “खाली निम्म्यात मिळतं हो.”

खाणावळीच्या मालकीणबाईंना राग आला नाही. त्यांनी हात पुसत चुलीकडे बोट दाखवलं. “हा सिलिंडर घोड्यावरून आलाय काका. पिठाचं पोतं तसंच, भाजी तशीच. रिकामा सिलिंडर परत जाताना पुन्हा घोडा. खालच्या भावावर माझं एवढंच चढतं, बाकी वाटेवरच्यांचं.”

नानांनी पैसे दिले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते दुकानांसमोर उभे राहून किमती वाचत होते. साबण, बिस्किटं, चिक्की, मेणबत्त्या. सूनबाईंना वाटलं काही घ्यायचं आहे. तसं काही नव्हतं. जुना भांडारपाल मनातल्या मनात प्रत्येक वस्तूला काट्याला लावत होता आणि दस्तुरीपासून चालवत आणत होता.

फिरणं मात्र सुरेख झालं. शार्लोट तलाव, पिसारनाथाचं देऊळ, मग लुईझा पॉइंट. समोर प्रबळगडाचा कडा, खाली दरी, आणि कुठेही हॉर्न नाही. रिकाम्या हातांनी माई तीन तास चालल्या आणि गुडघ्याचं नाव काढलं नाही. एवढ्या आनंदाचा वहीत शून्य खर्च लागला.

रात्री नानांनी हिशेब मांडला. पाण्याची, अंथरुणाची, जेवणाची बचत डावीकडे; सहावी सीट, हमाली, टाकलेल्या दशम्या, माकडाचे लाडू उजवीकडे. ‘स्वस्त माथेरान’ चांगलंच तोट्यात होतं. त्यांनी विहीणबाईंना त्यांचा खर्च विचारला. त्यांनी काही लिहिलं नव्हतं. बोटांवर मोजून सांगितलं. ज्याने जेवढे मागितले त्याला तेवढे देऊनही त्यांचा आकडा नानांच्या माणशी खर्चापेक्षा बराच खाली होता. नानांनी बेरीज तीनदा केली.

बुधवारी सकाळी ते परत निघाले. बाजारपेठेच्या तोंडाशी तीच बाई गिऱ्हाइकाची वाट बघत उभी होती. तिच्यासमोर एक तरुण जोडपं, दोन मोठ्या चाकांच्या बॅगा. तो मुलगा निम्मे पैसे सांगत होता, अगदी नानांच्याच शब्दांत: “कपडेच तर आहेत.”

नाना पुढे गेले. खिशातून काटा काढला, न विचारता हुक बॅगेच्या दांड्याला अडकवला, दोन्ही हातांनी उचलली आणि गोदामातल्या आवाजात पुकारलं, “एकोणीस किलो, चारशे ग्रॅम! अडीच किलोमीटर! डोक्यावरून!”

आजूबाजूचे घोडेवाले हसले. मुलगा लाल झाला. “तुम्ही कोण? यांचे एजंट?”

“नाही. काल मी चोवीस किलो निम्म्यात नेलेत. दर मलाच माहीत.”

मुलाने काही न बोलता दोन्ही बॅगा ओढायला सुरुवात केली. विटांच्या रस्त्यावर चाकांचा खडखड आवाज करत ती दोघं दूर गेली. नाना विजयी मुद्रेने वळले. बाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

“बाबा, निम्मे तरी मिळत होते. ते पण गेले.”

नाना गप्प झाले. एवढा मोठा न्याय केला आणि त्याचा दंड तिने भरला होता.

विहीणबाई हसू दाबत म्हणाल्या, “व्याहीबुवा, उपदेश तुम्ही केलात, मजुरी त्यांची बुडाली.”

“मग आमचं सामान घ्या,” नाना घाईने म्हणाले. “पूर्ण दराने.”

बाईने बॅगा हाताने तोलल्या. पाणी झाडांना घातलेलं, डबे रिकामे. “यात काय आहे? हे तर पोरगी पण नेईल.”

“तरी न्या.”

“नेते की.” तिने दोन बॅगा डोक्यावर घेतल्या, आज कुणाच्या हाताशिवाय. वाटेत ती माईंशी बोलत होती. खालच्या वाडीतून पहाटे चढते, शनिवार-रविवारी तीन-चार फेऱ्या होतात, मधल्या वारी कधी एक, कधी तीही नाही. नाना मागून ऐकत होते.

दस्तुरीला त्यांनी पूर्ण दर मोजून दिला. मग थोडे घुटमळले आणि आणखी काही नोटा पुढे केल्या.

“हे कशाचे?”

“कालचे उरलेले.”

“मग द्या,” ती म्हणाली. नोटा कमरेच्या चंचीत गेल्या. तिने आभार मानले नाहीत आणि नानांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. माथाडींनी तरी पगाराच्या दिवशी त्यांचे आभार कुठे मानले होते?

टॅक्सीत या वेळी सामानाची सीट लागली नाही. रिकाम्या बॅगा एकात एक घालून माईंनी मांडीवर घेतल्या. नानांनी वही उघडली, आणि माईंना वाटलं की आता नेरळपर्यंत कुणाशी बोलणार नाहीत. पण त्यांनी विचारलं, “विहीणबाई, तुम्ही नेहमी याच वाटेने येता?”

“छे. माझ्या बहिणीचं सासर पनवेलच्या बाजूला. तिकडून आले तर धोदाणीहून पायी चढते. वर सनसेट पॉइंटला निघते वाट. टॅक्सी नाही, काही नाही. पुढच्या वेळी या तसेच.”

“तिकडे हमाल मिळतात का?”

“माणसं पुष्कळ चढतात. दूधवाले, भाजीवाले. पण त्यांची डोकी आधीच भरलेली असतात.”

नानांनी नवं पान आखलं, वर धोदाणी लिहिलं आणि पेन्सिल ओली करत विचारलं, “मग माणशी किती किलो धरू?”